भोकरीचं अनुपान

किस्से कसे जमतात, माहितीये? भिंतीला ओल येते तसे. आधी कोपऱ्यात एक डाग दिसतो, आपण म्हणतो, जाऊ दे. काही वर्षांनी बघावं तर सगळ्या भिंतीचा नकाशा झालेला! नाना वैद्यांच्या ओटीवर आमचं असंच झालं. तिथे किस्से सांगायला कोणी येत नव्हतं. लोक पोट धरून यायचे, गुडघा धरून यायचे. पण परत जाताना प्रत्येक जण काहीतरी घोळ घालून जायचा!

गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. डोंबिवली तेव्हा हाकेच्या अंतरात संपायची. पुढे भातखाचरं, मग कोपर गाव आणि खाडी. मी शाळेत सायन्सचा मास्तर म्हणून नवीनच लागलेलो, नानांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचो. आणि सगळ्या मुंबई इलाख्यात नुकतीच दारूबंदी आलेली. एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यातूनच झालं.

*

नाना दरवर्षी द्राक्षासव करायचे. द्राक्षं नाशिकहून त्यांचे मेहुणे रेल्वेने पाठवायचे, चांगली काळी, गोड. एका वर्षी काळ्या द्राक्षांवर रोग पडला आणि मेहुण्यांनी त्याऐवजी भोकरी पाठवली.

भोकरी म्हणजे नाशिककडची जुनी गावठी पांढरी जात. हिरवट, गोल, जाड सालीची, आत ही एवढी बी. भोकराच्या फळासारखी दिसते म्हणून भोकरी. पांगाऱ्याच्या झाडावर वेल चढवून सोडून द्यायचा. बाकीच्या वेलींवर रोग येवो, कीड येवो, ही बाई ढिम्म! तिच्यात दोष एकच. खायला कोणी घेत नसे.

करंड्या उतरवून घ्यायला मी कल्याण स्टेशनवर गेलेलो. तिथल्या फळवाल्याने एका करंडीतला पाला बाजूला केला, आत बघितलं आणि माझ्याकडे मोठ्या सहानुभूतीने पाहिलं.

"मास्तर," तो म्हणाला, "शेळी पाळलीत वाटतं?"

*

नानांना चवीशी कर्तव्य नव्हतं. "औषधाला चव बघायची नसते," म्हणाले. त्या साली गूळही बरा मिळेना, म्हणून त्यांनी गुळाऐवजी थोडी खडीसाखर घातली. आंबण्यासाठी नेहमीप्रमाणे धायटीची फुलं टाकली, बरणीचं तोंड कापड-मातीने बंद केलं आणि ती भाताच्या कणगीत पुरून ठेवली. महिन्याने उघडली तर काय! नेहमीचं आसव काळपट, काढ्यासारखं. हे निघालं गव्हाच्या काडीच्या रंगाचं, स्वच्छ. उजेडात धरलं तर पलीकडची तुळस दिसत होती.

पहिला डोस मिळाला लेल्यांना. लेले मुंबईला सरकारी कचेरीत कारकून, अजीर्णाचे जुने पेशंट. त्यांनी घेतलं, जरा थांबले, ओठ चाटले. औषध घेऊन ओठ चाटणारा पेशंट मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

आठवड्याभराने नानांनी विचारलं, "काय लेले, पोट कसं आहे?"

"अगदी उत्तम! दुखणं साफ गेलं."

"छान. मग औषध बंद."

लेले उठता उठता परत बसले. पोटावर हात ठेवला.

"नाना, तुम्ही 'बंद' म्हणालात ना, तशी एकदम कळ आली बघा!"

*

आता पास्कू. पास्कू ठाण्याचा, तिथल्या जुन्या ख्रिस्ती वाडीतला. कल्याणला रेल्वेत फिटर होता. गुडघ्यासाठी नानांकडे वर्षानुवर्षं तेल न्यायला यायचा. एकदा तो ओटीवर बसलेला असताना लेल्यांचा डोस चाललेला. पास्कूचं नाक हललं.

"वैद्यबुवा, मना पन द्या थोडं."

"गुडघ्याला नाही उपयोग त्याचा."

"गुडघ्याला मी सांगतो काय कराचं ते, तुमी द्या!"

नानांनी चमचाभर दिलं. पास्कूने डोळे मिटले, जिभेवर घोळवलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

"जेजू सायबा! वैद्यबुवा, ह्ये औषध नाय. ह्ये वाइन हाय. पांढरी वाइन! माझी आई नाताळला मनुकांची करायची, पन ती गोड, काली. अशी तर गोऱ्या सायबाच्या टेबलावर पन नसंल!"

नाना ताडकन उठले. जानवं, शेंडी, सगळं थरथरत होतं. "पास्कू! माझ्या घरात हा शब्द उच्चारायचा नाही. वाइन पितात. आसव घेतात!"

"पितात आनि घेतात यांत फरक काय?"

"चमचा!" नाना गरजले.

पास्कूला हे पटलं. दुसऱ्या दिवशी तो वेळेवर हजर झाला. स्वतःचा चमचा घेऊन आलेला. रेल्वेच्या कँटीनमध्ये डाळ वाढायचा डाव होता तो!

*

पास्कूचं एक म्हणणं मात्र आमच्या मनात ठसलं. तो म्हणायचा, हे नुसतं घेण्यात अर्थ नाही, सोबत खायला पाहिजे. आणि कशासोबत काय, यातच सगळी गंमत आहे. नाना अशा गप्पा ऐकूनच घेईनात. तेव्हा लेल्यांनी डोकं चालवलं. कारकून माणूस, योग्य शब्द सापडला की कुठलंही काम मंजूर होतं हे त्यांना माहीत!

"नाना," ते नम्रपणे म्हणाले, "या आसवाला अनुपान काय?"

औषध ज्याच्याबरोबर घ्यायचं ते अनुपान. मध, तूप, कोमट पाणी वगैरे. प्रश्न शास्त्रातला होता, नानांना टाळता येईना. आणि एकदा शास्त्रात शिरले की नाना थांबत नसत. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओटीवर अनुपानाचं संशोधन सुरू झालं!

मधाबरोबर घेतलं, तर लेल्यांचं तोंड कडू झालं. लोणच्याच्या फोडीबरोबर मी घेतलं, तर दात असे आंबले की शाळेत वर्गावर 'ऑक्सिजन' म्हणता येईना. श्रीखंडाबरोबर आसव चिंचेच्या पाण्यासारखं लागलं आणि श्रीखंडही वाया गेलं. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत.

काकू म्हणजे नानांच्या पत्नी, दुर्गाकाकू. त्यांनी आसवाला कधी तोंड लावलं नाही. पण एका संध्याकाळी गाळणं चाललेलं असताना त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, भांड्यावर नाक नेलं आणि म्हणाल्या, "अहो, याला गोड कशाला लावताय? हे अंगानेच आंबूस आहे. याला ओलं खोबरं पाहिजे. उद्या वालाचं बिरडं करते."

दुसऱ्या दिवशी बिरडं झालं. वाल सोललेले, मऊ, वर ओलं खोबरं नि कोथिंबीर. एक घास, एक चमचा. लेल्यांचा चमचा हवेतच राहिला. मी पुढचा घास विसरलो. पास्कूच्या डोळ्यांत तर पाणी! वालाचा तो उग्रटपणा कुठे गेला कळेना, आणि आसवाला एकदम कोवळ्या नारळाची गोडी आली.

"काय झालं?" नाना घाबरले. "बाधलं का?"

लेले म्हणाले, "नाना, माझं अजीर्ण आता जन्मभर बरं होणार नाही!"

*

कोपरचा गोमा पाटील यात कसा आला सांगतो. गोमा आगरी, घरचं मिठागर, घरची होडी, आवाज खाडीच्या त्या काठाला ऐकू जाईल असा. त्याच्या आईला भूक लागत नव्हती म्हणून आसव न्यायला आला. पास्कूने त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "माशाबरोबर बघ."

आता नानांच्या घरी मासा? कुंपणाच्या आत मासा हा शब्दसुद्धा हळू बोलायचा. पण शास्त्र ते शास्त्र! शेवटी ठरलं की गोमाने आवाराच्या गडग्यापलीकडे रस्त्यावर बसायचं, नानांनी गडग्याअलीकडे उभं राहायचं, आणि निरीक्षण तोंडी घ्यायचं.

गोमा पानात तळलेली बोईट घेऊन बसला. खाडीतली ताजी, तांदळाच्या पिठात घोळवलेली. नाकाला उपरणं लावून नाना अलीकडे.

"घेतलंस?"

"घेतला."

"काय वाटतं?"

"वैद्यबुवा, काय सांगू! मासा परत पोहाला लागला!"

"नीट सांग. जिभेवर शेवटी काय राहतं?"

गोमाने विचार केला. "शेवटी मासाच रहते. तुमचा औषिद संपला. आनी द्या, मंग सांगतो!"

असं चार-पाच वेळा शेवटी मासाच राहिला, तेव्हा कुठे नानांची खात्री पटली. त्यांनी गोमाच्या आईसाठी औषध बांधून दिलं आणि उपरण्याआडूनच घेण्याची रीत सांगितली. सात पिढ्यांच्या शाकाहारी वैद्याने त्या दिवशी सांगितलेलं अनुपान मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय:

"दुपारी जेवताना दोन चमचे. बोइटीबरोबर. डोक्याकडचा भाग असेल तर उत्तम!"

*

मग चव कशासारखी आहे यावर भांडणं. लेले म्हणाले, ओलं गवत. गोमा म्हणाला, खाडीवरचा सकालचा वारा. पास्कू म्हणाला, हिरवा पेरू, त्याला मीठ लावून. मी म्हणालो, चिंचेचं कोवळं पान. सगळे हमरीतुमरीवर आले.

नानांनी खलातून डोकं वर न काढता निकाल दिला, "आम्ल, कषाय, लघु. चला, घरी जा!"

*

पुढे दरवर्षी भोकरीच यायला लागली. तिचा वेल इकडे लावायचं खूळ माझं. कल्याणपुढे खडवलीला नदीकाठी गोमाच्या सासुरवाडीचं शेत होतं, तिथे पांगाराही होता. नाशिकहून काड्या आणून लावल्या. वेल फोफावला, पण नुसता पाला! आमच्याकडची दमट हवा, भोकरीला मानवेना. दोन-तीन वर्षांनी निरोप आला: एक घड धरलाय!

एकच घड, पण आमचा आनंद काय विचारता! पिकायची वेळ धरून आम्ही सगळे निघालो. काकूंनी बिरड्याचा डबा दिलेला, गोमाने वेगळ्या पिशवीत त्याचं काय ते घेतलेलं. पास्कूने तर इस्त्रीचा कोट घातलेला. तो म्हणाला, पहिला घड उतरवायचा म्हणजे बाप्तिस्मा असतो!

गोमाची सासू पांगाऱ्याखालीच बसलेली. वर बघतो तर वेल मोकळा.

"मामी, घड कुठंय?"

"खाल्ला की मी. पन काय आंबट रं, माजे बाबा! आनी नुसती बी!"

"मग सगळा कशाला खाल्लात?" मी जवळजवळ रडतच विचारलं.

"अरे, तुमी येवढे लांबशी येनार," म्हातारी कळवळून म्हणाली, "तुमच्या पानात असली आंबट वस्तू घालाची का?"

*

नानांची मुलगी मालू. तिला बघायला कल्याणहून मंडळी यायची होती. मुलगा विठ्ठलवाडीजवळ एका कारखान्यात केमिस्ट. मुलाचे वडील अण्णासाहेब, रिटायर्ड हेडमास्तर. गावोगाव जाऊन दारूबंदीवर व्याख्यानं द्यायचे. नानांनी आठ दिवस आधीच आम्हाला बजावलं होतं, "कोणी तोंड उघडायचं नाही. पास्कू, तू तर दिसायचंच नाहीस!" पण पास्कू आलाच. मालू त्याच्या खांद्यावर बसून मोठी झालेली.

अण्णासाहेब आले, बसले, आणि तासभर गंभीरपणे गप्प राहिले. मालूला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, काहीही विचारलं नाही. चेहऱ्यावरून नकारच दिसत होता. नानांचा चेहरा उतरत चाललेला, काकू दाराआडून देवाचं नाव घेताहेत. मुलगा मात्र एकसारखा मालूकडे बघत होता, आणि मालू त्याच्याकडे. अशा वेळी बाप गप्प बसला की सगळं बारगळतं!

वैशाखातली दुपार. मालूने आतून अळूवड्या आणल्या आणि ग्लासातून पन्हं. अण्णासाहेबांनी एक वडी खाल्ली, पन्ह्याचा घोट घेतला. थांबले. अजून एक वडी, अजून एक घोट. ग्लास संपला. "वा! कैरी कुठली?" त्यांनी दुसरा मागितला.

दुसऱ्या ग्लासानंतर त्यांनी नानांना "व्याही" म्हटलं. तिसऱ्यानंतर ते उभे राहिले आणि दारूबंदीवर बोलू लागले. काय ते भाषण! मद्याने बुडालेली राज्यं, उद्ध्वस्त संसार, माऊलींचे अश्रू. लेले रुमाल शोधू लागले. पास्कू हुंदके देत पुढे झाला आणि त्याने अण्णासाहेबांच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली की आजपासून एक थेंब नाही! अण्णासाहेबांनी त्याला मिठी मारली, हुंडा ही दुसरी दारू आहे असं जाहीर केलं, आणि तिथल्या तिथे लग्न ठरवून टाकलं.

मंडळी गेल्यावर काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि कपाळावर हात मारून बाहेर आल्या.

"मालू! अगं कार्टे, पन्ह्याचं पातेलं डावीकडे होतं!"

"माहितीये मला," मालू म्हणाली आणि रिकामे ग्लास विसळायला घेऊन गेली.

*

असल्या गोष्टी किती दिवस झाकून राहणार? कोणीतरी चुगली केली आणि एक दिवस फौजदार दारात. सोबत हवालदार. आम्ही सगळे ओटीवरच होतो. हसण्यावारी नेऊ नका, तेव्हा कायदा कडक होता. नाना आत गेले असते तर दवाखाना गेला असता, अब्रू गेली असती, आणि मालूचं लग्न पंधरवड्यावर आलेलं. काकू खांबाला धरून उभ्या होत्या.

फौजदारांनी एकेकाला विचारलं. लेल्यांना काय होतं? अजीर्ण. पास्कूला? गुडघा. मला? मी घाबरून म्हणालो, "दोन्ही!"

गोमाला विचारलं, "तुला काय होतं?"

"मना काय नाय, सायेब. आयेला भूक लागत नाय."

"मग औषध तू का घेतोस?"

"तिला बघून मना पन लागत नाय!"

नाना मात्र सरळ उभे. "साहेब, मी लपवत नाही. ही बरणी, हे आसव. ग्रंथात आहे तसं करतो. तुम्हाला दारू वाटत असेल तर न्या तपासायला." त्यांनी एक बाटली भरून, बूच लावून पुढे केली. फौजदार बाटली घेऊन गेले. तो आठवडा आम्ही दाराकडे बघत काढला.

मग हवालदार आला. "वैद्यबुवा, साहेबांनी सांगितलंय, बाटली तपासणीला पाठवली होती ती वाटेत फुटली. दुसरं सॅम्पल द्या."

नानांनी दिलं. पुन्हा आठ दिवस धाकधूक. पुन्हा हवालदार. "ती पण फुटली. रस्ते फार खराब आहेत. साहेब म्हणाले, या वेळी जरा मोठी बाटली द्या."

नानांनी मोठी बाटली दिली. हवालदार पायऱ्या उतरला, घुटमळला, परत वर आला.

"आणि साहेब विचारत होते," तो आवाज खाली आणून म्हणाला, "अनुपान काय?"

*

आता शेवटचा. हा सांगताना मला अजून नाना समोर दिसतात.

पास्कूच्या वाडीत एक लहानसं चर्च होतं. तिथले फादर वसईकडचे, म्हातारे, मराठी आपल्यासारखंच. मिस्सेच्या, म्हणजे त्यांच्या उपासनेच्या वेळी वेदीवर द्राक्षारस लागतो, त्याचं त्यांच्याकडे रीतसर परमिट होतं. पण त्या वर्षी परदेशातून माल आलाच नाही. फादर चिंतेत. पास्कू त्यांना घेऊन डोंबिवलीला आला.

फादरनी थेंबभर चाखलं आणि मान डोलावली. मग चाचरत म्हणाले, "वैद्यबुवा, आमचा एक नियम आहे. वेदीवर चालतो तो फक्त द्राक्षांचा. त्यात फुलं नाहीत, साखर नाही, औषधं नाहीत. दुसरं काहीही नाही."

मला वाटलं, झालं! नानांच्या आजोबांपासून चालत आलेल्या कृतीत बदल सुचवायचा? एकदा लेल्यांनी नुसतं वेलदोड्याचं नाव काढलं, तर त्यांना महिनाभर ओटी बंद झालेली.

नानांनी बाटलीला बूच लावलं. मग विचारलं, "देवापुढे ठेवायचं आहे?"

"हो."

"मग तुमच्या देवाला चालतं तसंच व्हायला पाहिजे. पुढच्या हंगामात या."

फाल्गुनात भोकरी आली. त्या दिवशी नानांनी दवाखाना बंद ठेवला. पहाटे विहिरीवर आंघोळ केली, सोवळं नेसले. काकूही सोवळ्यात. दोघांनी एकेक मणी निवडला, डाग असलेला बाजूला काढला. आम्हाला ओटीवरून आत येऊ दिलं नाही. पास्कू दाराबाहेर उभा राहून बघत होता. "वैद्यबुवा, आमच्यात असला सोवला-बिवला लागत नाय," तो हळूच म्हणाला.

"तू शिवू नकोस म्हणजे झालं!" नाना म्हणाले.

महिन्यानंतर गाळलं. फुलं नाहीत, साखर नाही, नुसती भोकरी. इतकं फिकं की बाटलीत आहे की नाही ते बघावं लागे. नानांनी स्वतः बुचं लावली आणि पास्कूच्या हाती दिली.

नाताळला पास्कूने नानांना बोलावलं. आम्हाला वाटलं, जाणार नाहीत. पण नाना निघाले. कोट, उपरणं, पगडी. मी आणि लेले सोबत. सकाळची मिस्सा होती, चर्च भरलेलं, बाया ठेवणीतल्या गोल साड्या नेसून, पोरं नव्या बुटांत. पास्कू दारात वाट बघत होता. आत वेदीवर मेणबत्त्या, आणि त्यांच्यामध्ये चांदीची कुपी, तीत नानांची भोकरी.

नाना पायरीशी थांबले आणि वाकून जोडे काढू लागले.

पास्कू धावत आला. "वैद्यबुवा, ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या! आमच्यात सगले बूट घालूनच आत जातात. देवाला चालते!"

नानांनी दोन्ही जोडे काढून पायरीच्या कडेला नीट लावून ठेवले. उपरणं सारखं केलं.

"तुमच्या देवाला चालत असेल," ते म्हणाले. "माझ्या आसवाला नाही चालत!"

आणि अनवाणी आत गेले.